सुरूच्या मुळावरील गाठी

अलिबागपासून शिरोड्यापर्यंत कोकणच्या किनाऱ्याने प्रवास करणाऱ्यास सुरूची बने जागोजाग आढळतात. काशीद, दिवेआगर, गुहागर, वेळागर ही नावे घेताच पुळणीच्या कडेने उभी असलेली ही उंच, करड्या-हिरव्या रंगाची झाडे डोळ्यांपुढे येतात. समुद्रावरून येणारा खारा वारा व त्याबरोबर उडणारी वाळू ती आपल्या अंगावर घेतात, आणि त्यांच्या आडोशाला मागील आगरांतील नारळी-पोफळी वाढतात. आगर राखणारा शेतकरी म्हणूनच समुद्राच्या बाजूचा सुरू सहसा तोडीत नाही.

मात्र हे झाड त्या वाळूत जगते तरी कशावर, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. पुळणीची वाळू म्हणजे दगडाचा व शिंपल्यांचा चुरा. तिच्यात चिकणमाती जवळजवळ नसते व सेंद्रिय द्रव्य नाममात्र असते. पाणी घातले तर ते पाहता पाहता खाली जाते, आणि त्यात विरघळलेले खतही त्याच्याबरोबर जाते. त्यातून कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. अशा जमिनीत नत्र टिकावे कसे? त्याच वाळूत वांग्याचे रोप लावून पाहावे. थोड्याच दिवसांत त्याची पाने पिवळी पडतील. सुरूचे झाड मात्र तेथेच, कोणी ओंजळभर शेणखतही न घालता, पहिली काही वर्षे वर्षाला मीटर-दीड मीटर सहज वाढते.

या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली आहे, आणि ते पाहण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. एखाद्या जुन्या सुरूखालचा पातेरा बाजूला सारावा व बुंध्यापासून दोन-तीन हातांवर वीतभर वाळू हलक्या हाताने उकरावी. बारीक मुळांना चिकटलेले तपकिरी गाठींचे घोस दिसू लागतात. कोवळी गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असते, जुना घोस लिंबाएवढा किंवा त्याहूनही मोठा होतो. नीट पाहिले तर प्रत्येक घोस म्हणजे आखूड बोटांचा झुबका असतो. पोवळ्याच्या खड्याची आठवण व्हावी असा. त्या बोटांच्या टोकांतून बारीक मुळे निघालेली असतात, आणि नवल असे की ती खाली न जाता वर, जमिनीच्या पृष्ठभागाकडे वळलेली असतात. या गाठींमध्ये एक सूक्ष्म जिवाणू राहतो. शास्त्रज्ञांनी त्याला फ्रँकिया कॅज्युरिनी असे नाव दिले आहे. सुरूचे वाळूतील सारे वैभव या जिवाणूच्या आधारावर उभे आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

गाठ रोगाची की कामाची?

येथे माझीच एक चूक सांगणे भाग आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वादळात आगरेच्या आगरे आडवी झाली आणि पुढची सुरूची बनेही ठिकठिकाणी मोडून पडली. दुसऱ्या वर्षी किनाऱ्यावरील एका गावात शेतकऱ्यांनी पोफळीची नवी लागवड केली व तिच्या संरक्षणासाठी पुढे सुरूची दुहेरी ओळ लावण्याचे ठरविले. ओळीचा बराचसा भाग अशा उघड्या पुळणीवर यावयाचा होता की जेथे पूर्वी सुरू कधीच नव्हता. गावातच एका वृद्ध गृहस्थांची लहानशी रोपवाटिका होती व त्यांच्याकडे सुरूची रोपे तयार होती. रोपे निरोगी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मला बोलावण्यात आले.

मी दोन-चार पिशव्या फाडून मुळे धुऊन पाहिली. प्रत्येक रोपाच्या मुळावर गाठी होत्या. माझे त्या काळातील बहुतेक काम भाजीपाल्यावरचे. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी दिसल्या की त्या सूत्रकृमींच्या, हे डोक्यात पक्के बसलेले. मी लागलीच सांगून टाकले की, ही रोपे रोगट आहेत, ती जाळून टाकावीत व रोपे बाहेरून आणावीत.

ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे सुरूच्या रोपाला गाठी येतात. गाठ नसली तर रोप लागत नाही, असे वडील सांगायचे."

"काका, ते सगळे खरे असेल," मी म्हणालो, "पण कीड एकदा पुळणीत शिरली तर पुढे पोफळीलाही त्रास द्यायची."

साहेबांनी सांगितले म्हणून त्यांनी बहुतेक रोपे जाळली. विहिरीच्या मागच्या दोन ओळी मात्र त्यांनी ठेवल्या, हे मला नंतर कळले. गावाने लांबच्या एका रोपवाटिकेतून गाडीभर रोपे आणली. ती धुतलेल्या नारळाच्या भुशात, भरपूर युरिया देऊन वाढविलेली होती. दिसण्यात कशी हिरवीगार, आणि मुळावर एकही गाठ नाही! मी समाधानाने मान डोलावली. पावसाच्या सुरुवातीस लागवड झाली. दिवाळीपर्यंत रोपे फिकी पडली, शिमग्यापर्यंत बहुतेक वाळली. उन्हाळ्यातील खाऱ्या वाऱ्याला आडोसा राहिला नाही आणि मागे लावलेल्या पोफळीच्या कोवळ्या रोपांचे शेंडे करपले. पोफळ लावल्यापासून फळ धरीपर्यंत पाच ते सात वर्षे जातात. ज्यांनी वादळानंतर कर्ज काढून रोपे लावली होती त्यांच्या दृष्टीने एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय, हे आगरवाल्यांना सांगावयास नको.

पुढील उन्हाळ्यात वनविभागातील एक अनुभवी वनपाल माझ्याबरोबर त्या पुळणीवर आले. त्यांनी काही न बोलता वाळलेली रोपे उपटून एका रांगेत ठेवली. मुळे स्वच्छ, गुळगुळीत. मग ओळीच्या टोकाला, वादळात पडलेल्या एका जुन्या सुरूच्या खोडाशेजारी जी पाच-सहा रोपे हिरवी राहिली होती त्यांतील एकाचे मूळ त्यांनी उकरून दाखविले. त्यावर गाठी होत्या. त्यानंतर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या कुंपणाकडे गेलो. विहिरीमागील राखलेली रोपे त्यांनी तेथे लावली होती आणि ती छातीइतकी उंच झाली होती. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. चहा मात्र आग्रहाने दिला.

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींनी माझ्यासारखी चूक करू नये म्हणून दोन्ही गाठींतील फरक येथे देतो. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. सूज मुळाच्या अंगातच असते, ती वेगळी काढता येत नाही. आणि जून गाठ चिरून भिंगाखाली पाहिली तर टाचणीच्या टोकाएवढ्या, मोत्यासारख्या पांढऱ्या माद्या दिसतात. सुरूची गाठ मुळाच्या बाजूला फुटलेली असते, बोटांसारखी फाटे फुटलेली असते, आणि जिला ती चिकटलेली असते ते मूळ गाठीच्या अलीकडे व पलीकडे सारखेच सडपातळ राहते. शेवटची खूण रोपाचीच. सूत्रकृमी लागलेले रोप खुरटते. गाठी असलेला सुरू नुसत्या वाळूतही हिरवा राहतो.

हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्या रायझोबियम नावाच्या जिवाणूंच्या असतात व पिकाबरोबरच त्यांचे आयुष्य संपते. सुरू हा शेंगा धरणारा वृक्ष नव्हे. त्याच्या गाठी अनेक वर्षे टिकतात, दरसाल थोड्या थोड्या वाढतात व लाकडासारख्या टणक होतात. त्यांतील जिवाणूही निराळ्या जातकुळीचा आहे. रायझोबियम लहानशा कांडीसारखा असतो. फ्रँकिया बुरशीच्या धाग्यांसारखा लांब वाढतो. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुवास येतो तो निर्माण करणाऱ्या जिवाणूंच्या मोठ्या वर्गातच त्याची गणना होते.

त्याच्या धाग्यासारख्या रूपामुळे शास्त्रज्ञांचीही दीर्घकाळ फसगत झाली, हे वाचल्यावर माझ्या मनाला थोडा दिलासा मिळाला. युरोपातील आल्डर या झाडाच्या मुळावर अशाच गाठी येतात. १८६६ साली व्होरोनिन या रशियन शास्त्रज्ञाने त्यांतील धागे पाहिले तेव्हा ती बुरशी असावी असे त्यास वाटले. १८८६ साली ब्रुंखोर्स्ट याने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ फ्रँकिया हे नाव दिले. पण नाव देणे निराळे आणि जिवाणू हाती लागणे निराळे! गाठीबाहेर प्रयोगशाळेत तो वाढविण्यात पुढे जवळजवळ शंभर वर्षे यश आले नाही, आणि झाडाबाहेर तो वाढूच शकत नाही असेही मत रूढ झाले होते. अखेर १९७८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॅलहॅम, डेल ट्रेडिची व टोरी या तिघांनी तेथील एका झुडुपाच्या गाठीतून तो वेगळा करून वाढविला. या जिवाणूची वाढ अतिशय मंद असते. ताटलीत तो दिसू लागण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर इतर जंतू सारी ताटली व्यापून बसतात. म्हणून तो इतकी वर्षे हुलकावणी देत राहिला. सुरूच्या गाठीतील जिवाणूची संपूर्ण जनुकीय माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली, आणि फ्रँकिया कॅज्युरिनी ही स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद २०१६ साली झाली. फ्रँकियाच्या इतर जाती पुष्कळ प्रकारच्या झाडाझुडुपांशी सोयरीक करतात. हा मात्र मुख्यत्वे सुरूच्या कुळाशीच बांधलेला आहे. त्याच्या जनुकांचा पसारा आपल्या भाईबंदांपेक्षा लहान आहे. शास्त्रज्ञ त्याचा संबंध या एकनिष्ठेशी जोडतात.

हवेतील नत्र आणि वाळूतील झाड

हवेचा शेकडा ७८ भाग नत्रवायूचा आहे. प्रत्येक शेतावर नत्राचा असा अपार साठा पसरलेला असूनही पिकास त्याचा उपयोग नाही, कारण नत्राचे दोन अणू एकमेकांस इतके घट्ट बिलगलेले असतात की वनस्पतींना ते वेगळे करता येत नाहीत. युरियाच्या कारखान्यात हे काम करण्यासाठी चारशे-पाचशे अंश सेल्सिअस उष्णता व हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब लागतो. फ्रँकिया तेच काम किनाऱ्यावरील साध्या हवामानात एका विकराच्या साह्याने करतो. अडचण एवढीच की हा विकर प्राणवायूच्या स्पर्शाने निकामी होतो. वाळूत तर हवा खेळती; तेव्हा प्राणवायूपासून त्याचा बचाव कसा व्हावा?

येथे झाड आपला वाटा उचलते. फ्रँकियाच्या पुष्कळशा जाती स्वतःभोवती जाड आवरणाची बुडबुड्यासारखी कोठी बांधून तिच्यात हे काम करतात. सुरूच्या गाठीत अशा कोठ्या आढळत नाहीत. त्याऐवजी जिवाणूने व्यापलेल्या पेशींच्या भिंती झाडच बुचासारख्या द्रव्याने जाड करते. शिवाय आपल्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते त्याच जातीचे द्रव्य ते गाठीत तयार करते. हे द्रव्य प्राणवायूस धरून ठेवते व जिवाणूस श्वसनापुरताच, बेताने पुरविते. टोकांतून वर गेलेली ती बारीक मुळे गाठीपर्यंत हवा पोचविण्याचे काम करतात. ओल्या वाळूत गाठ गुदमरू नये यासाठीची ती सोय आहे. या साऱ्याच्या बदल्यात झाड जिवाणूस साखर देते. दोघांचाही व्यवहार रोखीचा आहे.

हा व्यवहार किती नत्राचा होतो? पश्चिम आफ्रिकेतील सेनेगाल देशात डोमेर्ग या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुरू लावलेल्या वाळूच्या टेकड्यांवर मोजमाप केले व १९६३ साली ते प्रसिद्ध केले. त्याच्या हिशेबाने हेक्टरी वर्षाला सुमारे ५८ किलो नत्र जमा होत होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ४५ किलो युरियाच्या जवळजवळ पावणेतीन पिशव्या, त्याही दरसाल आणि अगदी नापीक वाळूत. हा आकडा सर्वत्र तसाच येईल असे मात्र समजू नये. पाणी, स्फुरद व झाडाचे वय यांप्रमाणे तो पुष्कळ कमीजास्त होतो.

सेनेगालचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. डाकार व सेंट-लुई या शहरांच्या दरम्यान किनाऱ्याला लागून वाळूच्या टेकड्या आहेत व त्यांच्या मागच्या खोलगट जागी भाजीपाल्याचे मळे आहेत. वाऱ्याने सरकणाऱ्या टेकड्या हे मळे गिळू लागल्या तेव्हा १९४८ पासून तेथे सुरूचे पट्टे लावण्यास आरंभ झाला. त्या देशात सुरू पाहुणा होता आणि त्याचा जिवाणू तेथील वाळूत आपोआप मिळण्यासारखा नव्हता. रोपवाटिकेतच रोपांना जिवाणू देणे किती आवश्यक आहे, हे तेथील कामातून स्पष्ट झाले.

आपल्याकडेही सुरू पाहुणाच आहे. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा व पॅसिफिक महासागरातील बेटे ही त्याची मूळ भूमी. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात कारवारच्या वाळवंटी किनाऱ्यावर १८६८ साली तो जळणासाठी लावला गेला, आणि पुढे तो पश्चिम व पूर्व अशा दोन्ही किनाऱ्यांवर पसरला. तमिळनाडू व आंध्र प्रदेशात आज शेतकरी वाशांसाठी व कागदाच्या लगद्यासाठी त्याचे पीक घेतात. झाड बियावाटे कोठेही नेता येते. जिवाणू मात्र बियाच्या पोटात नसतो. तो रोपांच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतूनच ठिकठिकाणी पोचला असला पाहिजे, असे मला वाटते. म्हणूनच जेथे जुना सुरू आहे त्या जागी नवीन रोपाला तो आपोआप भेटतो, आणि जेथे सुरू कधी नव्हता तेथे रोपाने तो बरोबर घेऊन जावा लागतो. आमच्या त्या लागवडीत जुन्या खोडाजवळची पाच-सहा रोपे का वाचली, याचे कारण एवढेच.

सुरू कोठे लावू नये

जिवाणूचे एवढे गुण गाइल्यावर काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रत्येक पुळणीवर सुरू लावलाच पाहिजे असा या लेखाचा अर्थ नाही. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांना उघडी वाळू लागते. सुरूची दाट मुळे व सावली त्यांच्या घरट्यांना बाधक ठरते. वाळूच्या टेकड्या व कासवांच्या विणीच्या जागा २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार सर्वांत संवेदनशील भागात मोडतात. तेथे वनविभागाला विचारल्याखेरीज कुदळही मारू नये. मर्यादवेल, केवडा, उंडी ही आपल्या किनाऱ्याची मूळची वनस्पती जेथे टिकून आहे तेथे ती काढून सुरू लावणे म्हणजे घरचे सोडून बाहेरचे आणणे होय. भरतीरेषेजवळची वाळू धरून ठेवण्यात मर्यादवेलीची बरोबरी सुरूला करता येणार नाही. सुरूची जागा तिच्या मागे, आगराच्या अंगाला आहे.

दुसरे असे की, सुरू लावला म्हणजे शेजारच्या नारळीला फुकट नत्र मिळेल, अशी समजूत काही ठिकाणी ऐकू येते. नत्र मिळते ते प्रथम सुरूला. ज्यांना आपण त्याची पाने म्हणतो त्या वस्तुतः बारीक हिरव्या काड्या असतात. त्या गळून पातेरा होतो व तो सावकाश कुजतो तेव्हा कोठे ते नत्र जमिनीत उतरते. तोवर सुरूची मुळे शेजारच्या झाडाचे पाणी पितात. आगराच्या पहिल्या ओळीपासून सुरू काही अंतर राखूनच लावावा. पातेरा मात्र जाळू नये; त्या उघड्या वाळूवर तयार होणारा तोच काय तो कस.

रोपवाटिकेत काय करावे

जुन्या बनातील एक निरोगी, मध्यम वयाचे झाड निवडावे. ज्याच्या सालीवर फोड आले आहेत व ते फुटून काळी भुकटी निघते असे झाड टाळावे. तो सुरूचा घातक रोग आहे व त्या झाडाखालील मातीही रोपवाटिकेत आणू नये. याच कारणासाठी दूरच्या जिल्ह्यातून गाठी किंवा माती मागवू नये. झाडाखाली उथळ उकरून कोवळ्या, फिकट टोकांच्या गाठी घ्याव्यात. काळ्या पडलेल्या, पोकळ गाठी निरुपयोगी असतात. एका झाडाची मुळे फार उघडी करू नयेत व काम झाल्यावर वाळू आणि पातेरा पूर्ववत सारावा.

गाठी ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीतून आणाव्यात व शक्यतो त्याच दिवशी वापराव्यात. विहिरीच्या पाण्याने त्या तीन-चार वेळा स्वच्छ धुवाव्यात. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो, तेव्हा ते वापरावयाचे झाल्यास रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग घ्यावे. धुतलेल्या गाठी पाट्यावर बारीक वाटाव्यात. साधारण मूठभर वाटण एका बादलीत कालवून पातळ कपड्यातून गाळले म्हणजे झारीने देता येते. बी पेरल्यानंतर महिना-दीड महिन्याने, रोपे वाफ्यातून उपटून पिशव्यांत लावताना, त्यांची मुळे या पाण्यात बुडवावीत व उरलेले पाणी पिशव्यांत मुळाशी ओतावे. हे काम संध्याकाळी करावे. ज्यांना एवढेही जमणार नाही त्यांनी जुन्या निरोगी सुरूखालची वरची वीतभर माती आणून पिशवीच्या मिश्रणात दहात एक या प्रमाणात मिसळावी. आमच्या त्या काकांचे वडील नेमके हेच करीत असत.

मिश्रणात युरिया घालू नये. यावर मी जरा अडूनच सांगतो, कारण रोपे लवकर हिरवी दिसावीत म्हणून युरिया देण्याचा मोह रोपवाटिकेत सर्वांनाच होतो. आयते नत्र मिळू लागले की झाड गाठी धरीत नाही. साखर खर्चून नत्र विकत घेण्याची त्याला गरजच उरत नाही. असे रोप पिशवीत देखणे दिसते व पुळणीवर गेल्यावर उपाशी मरते. स्फुरदाची गोष्ट उलट आहे. हवेतून ते मिळत नाही, आणि त्याच्या कमतरतेत गाठी कमी धरतात. म्हणून पिशवीच्या मातीत थोडे सुपरफॉस्फेट किंवा हाडांचे खत मिसळावे. गाठींचे पाणी दिल्यावर लगेच ताम्रयुक्त औषधाची आळवणी करू नये. पिशव्यांत पाणी साचू देऊ नये. जांभ्याची माती आम्ल असते व अति आम्ल मातीत गाठी नीट येत नाहीत. ती वापरावी लागल्यास तिच्यात निम्मी पुळणीची वाळू घालावी, वाळूतील शिंपल्यांचा चुरा तिचा आम्लपणा कमी करतो. परंतु ही वाळू मनास येईल तेथून उचलू नये; त्यासाठी तलाठ्याकडे चौकशी करावी.

तीन ते सहा आठवड्यांनंतर दर वाफ्यातून दोन-तीन पिशव्या फाडून मुळे धुऊन पाहावीत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या म्हणजे काम साधले. एकही न दिसल्यास पुन्हा एकदा ताज्या गाठींचे पाणी द्यावे. बाहेरून रोपे विकत घेणाऱ्या ग्रामपंचायतींनी व शेतकऱ्यांनीही, पैसे देण्यापूर्वी, दोन पिशव्या फाडून पाहण्याचा आग्रह धरावा. मोठ्या प्रमाणावर काम करावयाचे असल्यास कोइंबतूर येथील वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्थेत सुरूच्या सुधारित वाणांवर व त्याच्या जिवाणूवर बरेच काम झाले आहे. वनविभागामार्फत तेथे विचारणा करता येते.

लागवड पावसाने जोर धरल्यावर, वाळू दोन वीत खोल भिजल्यानंतर करावी. पिशवीतील मातीचा गड्डा न फोडता रोप थोडे खोल लावावे, म्हणजे वरची कोरडी वाळू उडून गेली तरी मुळे उघडी पडत नाहीत.

ज्यांनी गाठी नसलेली रोपे आधीच लावली आहेत व ती फिकी पडली आहेत, त्यांनी ती लगेच उपटू नयेत. रोपाभोवती हातभर अंतरावर वीतभर खोल चर काढून कोवळी मुळे दिसेपर्यंत वाळू सारावी, गाठींचे पाणी त्यात तांब्याभर ओतावे, सुरूचा जुना पातेरा मूठभर घालून चर बुजवावा व वर ओला पालापाचोळा ठेवावा. पावसाळ्याच्या सुरुवातीस हे केले तर पुष्कळ रोपे सुधारतात. नोव्हेंबरनंतर, वाळू तापू लागल्यावर, या उपायाचा फारसा उपयोग होत नाही. मग पुढील पावसाची वाट पाहावी व तोवर रोपांना आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे.